घराण्यात कुणाला?

“त्या दिवशी अस्तर किती वाजता भिजिवलंस गं?” आईनं विचारलं.

मी काजं करत बसले होते. सुई तशीच धरून आठवलं. “चारला. फार तर साडेचार.”

“वाळलं कवा?”

“आभाळ होतं की. सहाला हात लावला तेव्हाही ओलसरच होतं.”

आईनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. आत हेमावहिनी पाच दिवसांच्या बाळाला घेऊन पडली होती. आई आवाज उतरवून म्हणाली, “मग तिनं कापला कवा?”

तो दिवस म्हणजे चार महिन्यांपूर्वीची दिव्याची अवस. त्या संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. पाचच्या सुमाराला लागलं आणि सूर्य मावळता मावळता सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मला बघायला कुर्डुवाडीची माणसं येणार होती आणि माझा पोपटी ब्लाउज शिवायचा राहिला होता. तो शिवला वहिनीनं, माझ्या दादाच्या बायकोनं. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. आता तिला मुलगी झाली होती, आणि मुलीचा वरचा ओठ डाव्या नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. रडताना तोंड उघडलं की आत टाळूही फाटलेली दिसायची.

गरोदर बाईनं ग्रहणात काही कापलं-चिरलं की बाळाचा ओठ चिरतो, हे आमच्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्यात आमचं शिंप्याचं घर. बार्शीतल्या आमच्या दुकानात आणि घरात मिळून पाच कात्र्या होत्या. ग्रहण लागायच्या आधी आईनं त्या पाचही फडक्यात बांधल्या, वर तुळशीचं पान ठेवलं आणि गाठोडं देव्हाऱ्याखाली सारलं. गाठोडं सोडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर, आणि नऊ वाजता माझा ब्लाउज हुकं लावून तयार होता. अस्तराचं सुती कापड शिवल्यावर आटू नये म्हणून आधी भिजवून वाळवतात, मगच त्याला कात्री लावतात. ते जर सहापर्यंत ओलं होतं, तर ग्रहण लागायच्या आधी कापलं असणं शक्य नव्हतं.

पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि ते शोधायला माझ्याइतकं लायक माणूस आमच्या घरात दुसरं नव्हतं. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ असं लोक आमच्या तोंडावर म्हणत. माझं उलटंच होतं, मलाच सगळ्या जगाची संगत संशयाची वाटायची. गिऱ्हाइकानं दिलेलं कापड मी त्याच्यादेखत दोनदा मोजायचे. कुणी प्रश्नाचं उत्तर जरा जास्तच लवकर दिलं की ते खोटं आहे असं धरून चालायचे. दादा मला चिडवायचा की, माणिक, तुझ्या नवऱ्याला घरी यायला उशीर झाला तर तू त्याच्या चपलेची माती तपासशील. मी चोवीस वर्षांची होते आणि हा आपला गुण आहे असं मला वाटत होतं.

वहिनीला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, ग्रहण लागायच्या आधीच कापला. अस्तर ओलं होतं की, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, मग सुटल्यावर कापला असेन, आता आठवत नाही. ग्रहणात काही कापलं नाही, मी पाटावर बसून होते, आत्यांनाच विचारा. आत्या म्हणजे आमची आई. पण आई स्वतः तेव्हा देवापुढं डोळे मिटून जप करत होती.

एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली म्हटल्यावर मी सोडते कसली. वहिनी न्हाणीत गेली तेव्हा मी तिची पेटी उघडली. हे सांगताना आज मला लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. पेटीच्या तळाशी एक छोटी कात्री होती. ती तिच्या मेलेल्या आईची. माहेरची आठवण आहे, कधी वापरत नाही, असं तिनंच मला एकदा सांगितलं होतं. कात्री उजेडात धरली तर दोन पात्यांच्या सांध्यात, खिळ्याभोवती, पोपटी सूत अडकलेलं दिसलं.

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात, ते मी खरोखरच्या सुतावरून गाठलं. कात्री नेऊन आईपुढं ठेवली. तो ब्लाउज माझ्याच अंगासाठी बेतला होता, हे मला एकदाही टोचलं नाही.

आईनं त्याच दिवशी मोहोळला वहिनीच्या भावाला निरोप धाडला की, गुरुवारी येऊन बहिणीला आणि लेकराला घेऊन जा. कुर्डुवाडीच्या मुलाच्या मामांनाही, भगवानरावांना, बोलावलं. पोपटी ब्लाउजात मी पसंत पडले होते आणि लग्न माघात ठरलं होतं. ते मामांनीच जुळवलं होतं. चार माणसांत काय ते होऊ दे, म्हणजे उद्या कुणी आपल्याला नावं ठेवणार नाही, असं आईचं म्हणणं. वहिनीला आई नव्हती. भाऊ एका खोलीत तीन पोरांसह राहायचा आणि भावजय हिला दारात उभी करत नव्हती. एकदा गेली की वहिनी परत येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. दादा मशीनवर मान खाली घालून शिलाई मारत राहिला. वडील गेल्यापासून आईपुढं त्याचा आवाज निघत नसे.

गुरुवार यायला अजून पाच दिवस होते. मधल्या काळात बाळ उपाशी पडायला लागलं.

त्याला छातीशी धरलं तरी ओढता येत नव्हतं. चमच्यानं पाजलं तर दूध नाकातून बाहेर यायचं आणि बाळ काळं-निळं व्हायचं. आठव्या दिवशी ते रडायचंही थांबलं. वहिनी नुसती त्याच्याकडं बघत बसली होती. तेवढ्यात आई माळ्यावर चढली, जुन्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, उकळत्या पाण्यातून काढून पुसलं आणि येऊन बाळ मांडीवर घेतलं. ते तोटीचं पितळी बोंडलं होतं, पूर्वी बाळांना दूध पाजायला वापरायचे तसलं. आईनं बाळाला आडवं धरलं नाही, जवळजवळ उभंच बसवलं. मानेमागं तळहात दिला, तोटी गालाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि थेंब थेंब सोडत राहिली. दर चार थेंबांनी थांबायची, बाळ गिळेपर्यंत वाट बघायची, मधूनच त्याला खांद्यावर घ्यायची. पाऊण तास लागला. बाळाच्या नाकातून दुधाचा थेंब आला नाही.

वहिनी आईच्या पाया पडली. आई म्हणाली, “बघून ठिव. मोहोळात कोन पाजनार हाय?”

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. आई आयुष्यभर चारचौघींत सांगत आली होती की माझी दोन्ही पोरं अंगावर वाढली, वरचं दूध त्यांना माहीतच नाही. मग हे बोंडलं कुणासाठी घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी वहिनीला ताप होता म्हणून आई आणि मी बाळाला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि घाबरायचं काही कारण नाही म्हणाले. ओठाचं ऑपरेशन तीन-चार महिन्यांनी होतं, टाळूचं वर्षाच्या आसपास. आईनं ग्रहणाचं काढलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं, पोटात बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, तो तेव्हा जुळला नाही तर पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी काय संबंध? सातशे-आठशे बाळं जन्मली की त्यात एखादं असं असतंच, त्यांच्याच दवाखान्यात दोन वर्षांतलं हे दुसरं. ग्रहणाच्या संध्याकाळी या गावात किती गरोदर बायका असतील आणि त्यातल्या किती जणी हात बांधून बसल्या असतील, याचा तुम्हीच विचार करा, असंही ते म्हणाले.

मग त्यांनी वजन घेतलं आणि कालपासून बाळाच्या पोटात दूध टिकतंय हे ऐकून त्यांना जरा नवल वाटलं. कसं पाजता, म्हणून विचारलं. आईनं करून दाखवलं.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं, मावशी? माझ्या नर्सलाही इतकं नीट जमत नाही.”

“आपलं असंच,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. “घराण्यात कुणाला–”

“न्हाई,” आई म्हणाली.

“–असं होतं का, असं विचारणार होतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी एकदा आईकडं पाहिलं आणि कागदावर ‘नाही’ लिहिलं.

घरी येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. सातशेतलं एक आमच्याच घरी का, याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं. पण आईचं उत्तर प्रश्नाच्या आधी आलं होतं, आणि अशा उत्तरांचं मी काय करते ते वर सांगितलंच आहे. इतके दिवस वहिनीच्या मागं लावलेलं डोकं मी आईच्या मागं लावलं.

दुपारी दादा दुकानात होता आणि वहिनीला झोप लागली होती. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि बोंडलं कुणाचं, असं सरळ विचारलं.

“शेजारणीचं.”

“कुठल्या?”

“हुती एक. तू न्हवतीस तवा.”

“नाव काय तिचं?”

आईनं चार काड्या निवडल्या. पाचवी हातातच राहिली. मी उठले नाही. मग ती मेथीकडं बघत बोलायला लागली.

“दादाच्या पाठीवर, तुझ्या आधी. मुलगी हुती. हिच्यावानीच. नाव ठिवू दिलं न्हाई तुझ्या आजीनं.”

“किती दिवस होती?”

“एकाहत्तर. मी पाजत हुते, बाळसं बी धरलं हुतं. एक दिवस मला धुनं घेऊन ओढ्यावर धाडलं आन आजीनं तिला आडवी निजवून पाजली. छातीत दूध गेलं.”

मी विचारायचं होतं तेच विचारलं. “ग्रहणात कापलं होतंस का तू?”

“त्या साली आपल्याकडं गरान लागलंच न्हवतं, माणिक.”

म्हणजे तिला माहीत होतं. गल्लीतल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त माहीत होतं. तरी ती चार महिन्यांपूर्वीचं अस्तर आणि कात्री उकरून काढत बसली होती, आणि मी तिला हवं ते हुडकून देत होते. मला इतका राग आला की मी मेथीची जुडी बाजूला ढकलली. मी म्हटलं, मग वहिनीचा कशाला बळी देतेस?

“आवाज करू नगंस,” आई म्हणाली. “गरानात कापलं म्हटलं की दोष एका बाईच्या हाताचा. ती गेली की मिटलं. घराण्यात हाय म्हटलं तर कुर्डुवाडीची मानसं तुला घेतील का? आन त्यांनी सोडल्यावर दुसरं कोन येतंय? तिला दुधाला, औषधाला मी पाठवीत जाईन. पर ती परक्याची हाय. तू माझी हैस.”

खरं सांगायचं तर मी त्यानंतर दोन दिवस गप्प राहिले. मुलगा एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. बघायला आला तेव्हा त्यानं इतरांसारखं ‘स्वयंपाक येतो का’ असं विचारलं नव्हतं. ‘तुम्हाला कंटाळा आला की काय करता’ असं विचारलं होतं. मला तो हवा होता. मी मनाशी हिशेब मांडत होते की, वहिनी गेली तरी दादा कधीतरी तिला भेटायला जाईल, बाळाचं ऑपरेशन होईल, सगळं मार्गी लागेल. आणि दर दोन तासांनी आई सगळी कामं सोडून त्या बाळाला पाजत होती. घालवून द्यायच्या नातीला तिनं तीन दिवसांत पाव किलोनं वाढवलं होतं.

गुरुवारी अकराला भगवानराव आले. वहिनीचा भाऊ रघुनाथ त्यांच्या आधीच येऊन टोपी मांडीवर ठेवून भिंतीला टेकला होता. आईनं कात्री सतरंजीवर मधोमध ठेवली आणि अस्तरापासून पोपटी सुतापर्यंत सगळं सांगितलं. माझीच वाक्यं ती माझ्यापेक्षा चांगली बोलत होती. वहिनी बाळाला घेऊन दारात उभी होती.

“पोरी, खरं काय ते सांग,” भगवानराव म्हणाले. “गरानात कापलंस का?”

“नाही,” वहिनी म्हणाली.

भगवानरावांनी कात्री उचलून पाहिली. तेही शिंपीच. सांध्यातलं सूत त्यांना लगेच दिसलं. त्यांनी रघुनाथकडं पाहून मान हलवली आणि रघुनाथ उठून बहिणीची पेटी कुठं आहे ते विचारू लागला. दादा कोपऱ्यात बोटाची नखं बघत होता.

मी आत गेले, बोंडलं आणलं आणि कात्रीशेजारी ठेवलं.

“आई, हे कुणाचं ते मामांना सांग.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं आयुष्यात कधी कुणापुढं हात पसरले नाहीत, पण त्या वेळी ती डोळ्यांनी मला विनवत होती. शेजारणीचं, एवढं जरी ती म्हणाली असती तरी मी पुढं काही बोलले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात बाळ किरकिरायला लागलं. पाजायची वेळ झाली होती. आईचा हात आपसूक बोंडल्याकडं गेला. तिनं ते उचललं, आणि उचलल्यावर तिला ते खाली ठेवता येईना.

“माझ्या लेकीचं,” ती म्हणाली. “माझी बी अशीच हुती. हे आमच्याच घरातलं हाय, मामा. हेमीचा काय बी दोष न्हाई.”

मग तिनं वहिनीच्या हातातून बाळ घेतलं आणि सगळ्यांकडं पाठ करून पाजायला बसली. ती रडत होती. दादानं उठून रघुनाथच्या हातातली पेटी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. भगवानरावांनी चहा संपवला, मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि निघाले. चौथ्या दिवशी निरोप आला की मुलाचा सध्या लग्नाचा विचार नाही.

आई शिमग्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. काही सांगायचं असलं तर बाळाला सांगायची, तुझ्या आत्याला म्हणावं ताट वाढलंय. माझं लग्न पुढं पाच वर्षांनी झालं. बघायला येणाऱ्यांना मी चहाच्या आधीच घराण्यातली गोष्ट सांगून टाकायचे. दोघं उठून गेले. तिसऱ्यानं चहा घेतला.

त्या शिमग्यानंतर लगेच, चैत्रात, सोलापूरला बाळाच्या ओठाचं ऑपरेशन झालं. आई औषधं आणायला खाली गेली होती. मी आणि वहिनी कॉटशेजारी बसलो होतो. बाळ गुंगीत होतं आणि मी ओठावरचे टाके बघत होते. इतकी बारीक टीप आमच्या दुकानात कुणाला जमली नसती, असं मी म्हटलंसुद्धा.

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “तुम्ही बरोबर होता.”

“कशात?”

“मी कापला होता. सव्वासहाच्या सुमाराला, पाटावर बसूनच, पदराआड. आत्यांनी कात्र्या बांधून टाकलेल्या आणि सकाळी तुमच्याकडं माणसं येणार. अस्तर ओलंच होतं, तसंच कापलं.”

मी घाईघाईनं डॉक्टरांचं सांगितलं, दुसऱ्या महिन्याचं. ती म्हणाली, ते तुम्ही आधीही सांगितलंत, म्हणून तर आता झोप लागते. त्या ग्रहणापासून चार महिने लागत नव्हती.

“मग मला का नाही सांगितलंस? मी इतक्यांदा विचारलं. मामांनी विचारलं.”

वहिनीनं बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

“हो म्हणाले असते, तर तुम्ही तिथंच थांबला असता. बोंडल्यापर्यंत पोचलाच नसता.”

ती रागानं म्हणाली नव्हती. मी थांबलेच असते.